न चाखलेले पुरण

मी, पूर्णिमा बाळासो इंगवले, वय २८ वर्षे, व्यवसाय नोकरी, राहणार उचगाव, तालुका करवीर, जिल्हा कोल्हापूर, हे माझे दुसरे मृत्युपत्र लिहून ठेवते. पहिले १९ जानेवारी २०२५ रोजी लिहिले होते. त्यात एक चूक आहे. ती आधी दुरुस्त करते आणि मग माझ्या प्रकृतीबद्दल लिहिते. क्रम उलटा झाला याची मला जाणीव आहे.

पहिल्या मृत्युपत्राच्या कलम ४ मध्ये असे होते: "बुधवार, ११ सप्टेंबर २०२४ रोजी गौरीच्या जेवणाच्या दिवशी आमच्याकडे कामाला येणारी आक्काताई हिने चुकून धुण्याच्या सोड्याचा डबा माझ्या हातात दिला. तिचा हेतू वाईट नव्हता. मी तिला क्षमा केली आहे."

हे खोटे आहे. आक्काताईंनी मला डबा दिला नाही. डबा मी घेतला, आणि त्या सांगत असताना वापरला. क्षमा करावी असे त्यांनी काही केलेच नव्हते, तरी मी ती केली. तीही मृत्युपत्रात, म्हणजे त्यांना ती नाकारायची झाली तरी समोर मी असणार नव्हते.

आता प्रकृती. माझी तब्येत चांगली आहे आणि डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मी दोनदा घेतला, कारण पहिल्यावरची तारीख पुसट उमटली होती. हे मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. दबाव आहे, पण तो हे लिहू नये असा आहे. अठ्ठाविसाव्या वर्षी मृत्युपत्र कशाला, असे माझा भाऊ विचारेल. मी गडहिंग्लजजवळच्या एका दूध शीतकरण केंद्रात दूध तपासते. रोज जाण्यायेण्याचे चार तास एसटीत जातात, आणि गाडीने समोरच्याला मागे टाकायला घेतले की मी मनात माझ्या वस्तू वाटायला घेते. एवढेच कारण आहे.

कलम १. घर. राहते घर वडिलांच्या नावावर आहे. त्यात माझा जो काही हक्क निघेल तो मी माझी वहिनी तेजस्वी पृथ्वीराज इंगवले हिला देते. अट एकच: स्वयंपाकघराच्या मागच्या दाराचा उंबरा काढावा आणि तिथे फरशी सपाट करून घ्यावी.

उंबऱ्याचा अर्थ मला शालूआत्याने शिकवला. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, शालूबाई. घरात काय येऊ द्यायचे आणि काय बाहेर ठेवायचे हे घराला कळावे म्हणून उंबरा असतो, असे ती म्हणायची. रोज सकाळी ती त्याला हळदीची बोटे लावते. बाहेर काय ठेवायचे हे तिने मला कधी सांगितले नाही. आक्काताई बावीस वर्षे मागच्या नळावर आमची भांडी घासत होत्या आणि त्यांचा चहाचा कप बावीस वर्षे खिडकीत वेगळा होता. त्यांना चहा खिडकीच्या गजांतून दिला जायचा. आक्काताई बौद्ध आहेत. आमच्या घरात हे कोणी बोलून दाखवत नाही. "सणापुरतं असतंय ते," आत्या म्हणायची. बावीस वर्षांत आमच्या स्वयंपाकघरात सण नसलेला एकही दिवस उजाडला नाही.

कलम २. रीतीची वही. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. आत्या त्याच वर्षी विधवा होऊन मुरगूडहून परत आली. मला शाळेत घालण्याआधी तिने घरी शिकवले. परातीत ज्वारीचे पीठ पसरून त्यात बोटाने अक्षरे काढायला लावायची, आणि चुकले की परात हलवायची. पुढे मला लिहिता यायला लागल्यावर तिने सणांच्या रीती सांगितल्या आणि मी त्या वहीत उतरवल्या. डावीकडे रीत, उजवीकडे अर्थ. एकूण एकशे बारा आहेत. त्यांतल्या काही इथे देते, कारण पुढे त्या लागणार आहेत.

गौर येते त्या दिवशी तिला शेपूची भाजी आणि भाकरी द्यावी, गोड दुसऱ्या दिवशी. अर्थ: माहेरी आलेली लेक दमून येते, आधी तिची भूक भागवावी, कौतुक नंतर.

गौरीची पावले रांगोळीने दारापासून स्वयंपाकघरापर्यंत काढावीत. अर्थ: घरात काय शिजते आणि काय उरते ते तिला बघू द्यावे.

नैवेद्य चाखू नये, वासही घेऊ नये. अर्थ: ज्याने दिले त्याच्या आधी आपण तोंड घालू नये.

नैवेद्य रांधताना तोंडाला कापड बांधावे आणि बोलू नये. अर्थ: हात कामाला असतात तेव्हा मनाने आभार मानावेत.

शेजारणीचे भांडे रिकामे परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालावी. अर्थ: दिल्याची आठवण ठेवली आहे हे भांड्याने सांगावे.

गौर निघताना मुरड घातलेला कानवला तिच्या शिदोरीत द्यावा. अर्थ: तिने मुरडून पुन्हा यावे.

या रीती सुंदर आहेत. मला त्या आजही सुंदर वाटतात. त्यांबद्दल मी आत्याची ऋणी आहे आणि हे ऋण मला नको आहे. म्हणून वही मी आत्यालाच देते. मी तिच्यात तिसरा रकाना आखला आहे. त्यात प्रत्येक रीतीपुढे आमच्या घरात त्या रीतीने कोणाचे काय झाले ते लिहिले आहे. आत्याला बारीक अक्षर दिसत नाही. तेजस्वीने रोज दुपारी स्वयंपाकघरात बसून एक रीत मोठ्याने वाचावी. एका दिवशी एकच. एकशे बारा दिवस पुरेल.

आत्याच्या बाजूने एक गोष्ट लिहायला हवी. विधवा म्हणून तिला गौरीची ओटी भरू देत नाहीत. हळदीकुंकवाला बायका आल्या की ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते, तिथून पुढे येत नाही. जिथे तिला जाता येत नव्हते तिथला सगळा राग तिने एका उंबऱ्यावर काढला. हे मी तिची बाजू म्हणून लिहायला घेतले. लिहून झाल्यावर मला ती तिची बाजू वाटत नाही. कोणाला बाहेर ठेवले की कसे वाटते हे तिला घरातल्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होते.

कलम ३. डबा. लाल झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, पूर्वी चहापत्तीचा, नंतर आक्काताईंच्या धुण्याच्या सोड्याचा, आता रिकामा. तो माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात आहे. त्याच्यासारखाच दुसरा स्वयंपाकघरात आहे, त्यात खायचा सोडा असतो. कपाटातला डबाही मी आत्याला देते. त्या दिवशी काय झाले ते असे.

साठ माणसे जेवायला होती. चार किलो हरभऱ्याची डाळ शिजायला लावली होती आणि बोअरच्या पाण्याने ती शिजत नव्हती. माझ्या तोंडाला ओढणी बांधलेली होती. आत्या माजघरात केळीची पाने पुसत होती. अशा वेळी आम्ही डाळीत चिमूटभर खायचा सोडा घालतो. दोन्ही डबे खिडकीत होते, आमचा गजांच्या आत, आक्काताईंचा बाहेर. मी न बघता हात घातला, तो गजांतून पलीकडे गेला.

आक्काताई नळावरून म्हणाल्या, "ताईसाब, त्यो डबा न्हवं. त्यो माझा हाय."

मला ऐकू आले नाही, असे मी दोन वर्षे स्वतःला सांगितले. ऐकू आले होते. तेव्हा डबा कलंडून बराच सोडा डाळीत पडला होता. चार किलो डाळ ओतून टाकायची, पुन्हा चढवायची, साठ माणसांना थांबवायचे आणि आत्याला तोंड द्यायचे, हे सगळे मी एका क्षणात मोजले आणि डाळ ढवळायला लागले.

"ताईसाब, धुयाचा सोडा हाय त्यो. ऐकालाईसा न्हवं?"

मी ढवळत राहिले. तेव्हा त्या ओल्या पायांनी उंबऱ्याच्या आत आल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा. एकच पाऊल आत टाकले, हात लांब केला आणि माझ्या हातातला डबा धरला. आत्या नेमकी तेव्हा दारात आली. तिने डबा बघितला नाही. तिने खाली बघितले. रांगोळीचे एक पाऊल आक्काताईंच्या पायाखाली पुसले गेले होते.

"आक्के, आत कशी आलीस तू?"

"आत्यासाब, डाळीत धुयाचा सोडा पडलाय. डाळ टाका, माझं ऐका."

"गवर बसलीया आणि पावलं पुसलीस की गं."

"पावलं मागनं काढता येतील. एक बोट लावून बघा की डाळीला. एकच बोट."

"नैवेद्य चाखाय सांगतीस व्हय मला? तू?"

मग आत्या माझ्याकडे वळली. "पूर्णे, काय घातलंस काय तू ह्यात?"

मी मान हलवून नाही म्हटले. माझे तोंड बांधलेले होते आणि बोलायचे नव्हते, हे मी पुढे अनेकांना सांगितले. पण मान हलवून हो सुद्धा म्हणता येते.

नैवेद्य दाखवला. पंगत बसली. पहिल्या घासाला सगळे एकमेकांकडे बघायला लागले, कारण गौरीच्या पानाला नावे ठेवायची कशी. दुसऱ्या घासाला मुले ओकायला लागली. तोंडे सोलली, घसे जळले. संध्याकाळपर्यंत गल्लीत एकच वाक्य फिरत होते: आक्की आत आलती.

आक्काताई सकाळी आमच्या नळावर यायच्या आणि दहा वाजता शाळेत मुलांचा पोषण आहार शिजवायला जायच्या. अकरा वर्षे दीडशे मुले त्यांच्या हातचे जेवत होती. त्यात आमच्या गल्लीतलीही होती. हे सगळ्यांना चालत होते असे नाही. हरकत घ्यायला कारण मिळत नव्हते. कारण मी दिले. पुढच्या सोमवारी, १६ सप्टेंबर २०२४ रोजी, त्यांना शाळेत येऊ नका म्हणून सांगितले. शाळेच्या समितीवर माझे वडील आहेत आणि त्यांच्याशिवाय तिथला कागद हलत नाही. सही करण्याआधी त्यांनी मला माजघरात बोलावून विचारले, "पूर्णे, तिनंच घातलं न्हवं? शाळंचा विषय हाय." मी हो म्हणून मान हलवली. ही दुसरी वेळ. या वेळी तोंडाला काही बांधलेले नव्हते.

एक राहिले. आक्काताईंच्या घरी गौर नसते. "देव तुमचा, भांडी माझी," असे त्या हसून म्हणायच्या. पण विसर्जनाच्या दिवशी त्यांच्या जेवणाच्या डब्यात पाच कानवले घालायची आमच्याकडे पद्धत होती. त्या वर्षी आत्याने त्यांचा डबा घासून, पुसून, रिकामा परत पाठवला. भांडे रिकामे परत करू नये ही रीत वहीत एकाहत्तराव्या क्रमांकावर आहे. सांगणारी तीच.

कलम ४. माझा भाऊ पृथ्वीराज याने त्या संध्याकाळी पुसलेल्या रांगोळीचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिले: "विश्वास ठेवला की असं होतंय. सावध रहा." त्याला एकशे चाळीस जणांनी हात जोडले. तो संदेश आणि ते सगळे जोडलेले हात मी मोठ्या आकारात छापून काच बसवून घेतले आहेत. ती तसबीर पृथ्वीराजला देते. गौर बसते त्या भिंतीवर ती लावावी. मुखवट्यांच्या वर लावावी, म्हणजे नमस्कार करताना आपोआप दिसेल.

कलम ५. केरबा तात्या, वडिलांचे चुलते, वय ७६. बाकीचे पहिल्या घासाला थबकले होते तोवर तात्यांच्या तीन पोळ्या झाल्या होत्या, म्हणून त्यांनाच दवाखान्यात न्यावे लागले. त्यानंतर ते ज्या पहिल्या लग्नाला गेले, तिथे सांगताना ते दोन दिवस दवाखान्यात होते. दुसऱ्या लग्नात चार. गेल्या मे महिन्यात मुरगूडच्या लग्नात मी त्यांच्यामागे उभी होते. "आठ दिवस काचंच्या खोलीत हुतो, पावणं," ते नवरदेवाच्या मामाला सांगत होते. "यमानं दारात चप्पल काढलती. म्हटलं, आलास तर जेवून जा." सगळे हसले. मग मामांनी विचारले, "आणि ती बाई?" तात्या म्हणाले, "हाकलली की. अजून काय मुका घ्यायचा हुता?" सगळे पुन्हा हसले.

दवाखान्यातून सोडल्याचा त्यांचा कागद माझ्याकडे आहे. त्यावर एक रात्र देखरेखीखाली, असे आहे. तो मी प्लॅस्टिकमध्ये घालून वर दोरी ओवली आहे. तात्यांनी तो इथून पुढे लग्नाला जाताना गळ्यात घालावा. तात्या माझ्या आधी गेल्यास त्यांच्यासोबत द्यावा.

कलम ६. तपासणीचा कागद. आमच्या केंद्रावर दुधात सोडा आहे का ते रोज बघावे लागते. उन्हाळ्यात दूध नासू नये म्हणून काही जण चिमूटभर घालतात. नळीत थोडे दूध घेऊन वर रोझोलिक आम्लाचे थेंब टाकले की सोडा असलेले दूध गुलाबी होते. १२ सप्टेंबर २०२४ रोजी मी त्या पुरणाचा लिंबाएवढा गोळा डब्यातून केंद्रात नेला. तपासायची गरज नव्हती. तरी तपासला. गुलाबी झाले. तारीख, वेळ, सोडा कोणी घातला त्याचे नाव (माझे) आणि सही, असा कागद केला आणि लपवला. तो मी वडिलांना देते. त्यांनी आक्काताईंच्या विरुद्ध ज्या कागदावर सही केली त्याला हा टाचून ठेवावा.

याच वर्षी मे महिन्यात एका म्हाताऱ्या माणसाचे दूध गुलाबी झाले. "ताई, चिमूटभरच हो," ते म्हणाले. "म्हस आजारी हाय, दूध टिकंना झालंय." मी वहीत "नाकारले" असे लिहिले आणि कॅन परत केला. त्यांनी तो रस्त्याकडेला ओतला. मी ते ओतणे शेवटपर्यंत बघितले. परतीच्या एसटीत हे दुसरे मृत्युपत्र लिहायला घेतले.

कलम ७. आक्काताई सदाशिव शिंगे, वय ६१, यांना मी काहीही देत नाही. का ते लिहिणे भाग आहे.

रविवार, ९ ऑगस्ट २०२६ रोजी मी या मृत्युपत्राचा कच्चा खर्डा घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यात माझ्या आईच्या पाटल्या आणि माझी बँकेतली ठेव त्यांच्या नावे लिहिली होती. त्यांची मुलगी दीक्षा शाळेत माझ्या वर्गात होती, आता ती कोल्हापुरात एका दवाखान्यात नर्स आहे. ती त्या दिवशी घरी होती. आक्काताईंनी मला खुर्ची दिली, घरातल्याच कपात चहा दिला आणि समोर उभ्या राहिल्या.

"आदी चाखून बघा, ताईसाब," त्या म्हणाल्या. "आमच्यात चालतंय."

दीक्षाने खर्डा वाचला. वाचताना ती मध्येच एकदा हसली. मी विचारले, काय झाले.

"न्हाय, बरं लिवलंयस," ती म्हणाली. "म्हंजे तू मेलीस की गावाला कळणार, माझ्या आईनं काय केलं न्हवतं."

"हो."

"कधी मरणार हाईस?"

मी खर्डा परत घ्यायला हात पुढे केला, तिने तो दिला नाही.

"तू अठ्ठावीसची. आई एकसष्टची. आईला थांबाय सांगू काय तेवढं?"

आक्काताई तिला म्हणाल्या, "गप गं." पण तिला खरोखर गप्प करायचे आहे असे त्यांच्या आवाजात नव्हते. मग त्यांनी खर्डा हातात घेतला आणि पाटल्यांच्या ओळीवर बोट ठेवले. "हे घालून मी कुठं जाऊ? शाळंत?"

मी म्हणाले, "आक्काताई, मला माफ करा."

"माफी नगं. दागिना नगं. माझ्या हातचं खाणारी दीडशे पोरं हुती. ती आणून दे." मी चार वर्षांची असल्यापासून त्या मला ताईसाब आणि अहो-जाहो करत आल्या होत्या. हे वाक्य त्यांनी एकेरीत म्हटले आणि मला बरे वाटले. "एक सांग. मान हलवलीस तवा माझ्याकडं बघितलं हुतंस?"

"बघितलं होतं."

"मग झालं." त्यांनी माझ्या हातातून कप घेतला. "मला वाटत हुतं, पोरीनं न बघताच हलवली असंल. दोन वर्सं त्येच्यावर काढली."

निघताना दीक्षा दारापर्यंत आली. शाळेत पोषण आहारासाठी नवी बाई नेमायची बैठक सोमवारी, २१ सप्टेंबरला आहे, हे तिनेच सांगितले. आक्काताईंनी अर्ज दिला आहे. अर्जावर कोणीतरी पेन्सिलने "गौर प्रकरण" असे लिहून ठेवले आहे. समितीचे सगळे लोक दर वर्षी आमच्याकडे गौरीला जेवायला असतात, पहिल्या पंगतीला. जे सोमवारी ठरायचे ते आमच्या हॉलमध्ये आधीच ठरते, पानावर.

त्यांना जे द्यायचे आहे ते मृत्युपत्राने देता येत नाही. म्हणून हे कलम रिकामे ठेवते. पाटल्या आणि ठेव तेजस्वीला. तिला आता आत्या रीती शिकवते आहे. कधी घर सोडावे वाटले तर तिच्या उपयोगी पडतील.

कलम ८. माझे दिवस. मी गेल्यावर दहाव्याला आमटी, भात, जे असेल ते करावे. पुरण करू नये. करणाऱ्याने तोंड बांधू नये, बोलत बोलत करावे आणि मीठ चाखून बघावे. पिंडाला कावळा शिवला नाही तर आत्याने पुढे होऊन "तुझ्या मनासारखं करतो" असे म्हणू नये. कावळ्याने खोट्या शब्दावर यावे असे मला वाटत नाही. उशीर झाला तर लोकांनी घरी जावे.

कलम ९. अंमल. या मृत्युपत्राची व्यवस्था तेजस्वीने बघावी. पहिले मृत्युपत्र रद्द समजावे, ते मी फाडून टाकले आहे. कलम ४ चा तुकडा मात्र ठेवला आहे, म्हणजे मी काय लिहू शकते ते मला दिसत राहील.

मृत्युपत्रात एक मूळ दोष असतो. ते लिहिणाऱ्याला काहीही करावे लागत नाही. मी दोनदा समोर बोलायचे टाळले आणि दोन्ही वेळा मेल्यावर बोलायची सोय करून ठेवली. गेल्या वर्षी, १ सप्टेंबर २०२५ रोजी, गौरीच्या पंगतीत उभे राहून सांगायचे मी ठरवले होते. त्या दिवशी पुरण मीच केले, तोंड बांधून. छान झाले म्हणून आत्याने सगळ्यांसमोर माझे कौतुक केले आणि मी वाकून तिच्या पाया पडले. म्हणून या वर्षी माझ्यावर विसंबत नाही.

यंदा गौरीचे जेवण शुक्रवारी, १८ सप्टेंबरला आहे. डाळ मी शिजवीन. पुरण मी वाटीन. नैवेद्याचे पान वाढून झाले की ते हातात घेऊन हॉलमध्ये जाईन. वडील, आत्या, पृथ्वीराज, केरबा तात्या आणि समितीचे लोक पानांवर बसलेले असतील. सगळ्यांच्या देखत मी त्या पुरणात बोट घालीन आणि चाटीन. नैवेद्य उष्टा झाला की तो दाखवता येत नाही, आणि नैवेद्य दाखवल्याशिवाय आमच्याकडे कोणी पानाला हात लावत नाही, उठूनही जात नाही. नवा स्वयंपाक व्हायला दोन तास लागतात. कलम ३ मोठ्याने वाचायला नऊ मिनिटे लागतात. घड्याळ लावून बघितले आहे. नंतर कलम ६ चा कागद वडिलांच्या पानावर ठेवीन, पोळीच्या वर.

आक्काताईंना मी बोलावले होते. "मी येणार न्हाय," त्या म्हणाल्या. "तुमच्या उंबऱ्यात माझं एक पाऊल पडलं, तेवढं बास झालं." ते बरोबर आहे.

आत्याला रक्तदाब आहे. तिला त्रास होईल. तो व्हावा असे मला वाटते, हेही इथे लिहून ठेवते, कारण नंतर मी ते नाकारीन. तिने मला अक्षर शिकवले. त्याच अक्षरात हे लिहिले आहे.

माझी मान तिसऱ्यांदा हलू नये म्हणून या मृत्युपत्राची एक प्रत दीक्षाकडे देत आहे. त्या दिवशी दुपारी दोनपर्यंत मी तिला फोन केला नाही, तर तिने ती समितीच्या प्रत्येक माणसाच्या घरी नेऊन द्यावी. माझी वाट बघू नये.

दोन्ही साक्षीदारांना या मृत्युपत्राने काहीही दिलेले नाही. "मला काय लिवू नगंस, म्हंजे सही तरी करता यील," असे दीक्षाने आधीच बजावले होते. मी त्यांच्यासमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर. सही करण्याआधी दोघांनी शेवटपर्यंत वाचले. माझ्यासोबत दूध तपासणाऱ्या आदर्शने वाचून झाल्यावर विचारले की केंद्रावर यातले कोणाला सांगायचे आहे का. मी सांगितले, सगळ्यांना.

ठिकाण: उचगाव, तालुका करवीर, जिल्हा कोल्हापूर

लिहून देणार: पूर्णिमा बाळासो इंगवले (सही)

साक्षीदार:
१. दीक्षा सदाशिव शिंगे, वय २८, नर्स, राहणार उचगाव (सही)
२. आदर्श विजयसिंह घोरपडे, वय ३१, दूध तपासनीस, राहणार गडहिंग्लज (सही)

सही केल्याचा दिवस: रविवार, २३ ऑगस्ट २०२६

अंमल करण्याचा दिवस: शुक्रवार, १८ सप्टेंबर २०२६, नैवेद्य दाखवण्याआधी